स्वभावाला औषध असतं का?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण तुम्ही सगळ्यांनीच ऐकली असेल. आमच्या घरात तर ती मिठासारखी वापरली जायची. आज्जी चुलत्यांबद्दल म्हणायची, चुलते आमच्या आण्णांबद्दल म्हणायचे आणि आण्णा गल्लीतल्या निम्म्या लोकांबद्दल! ज्याच्यापुढे हात टेकले त्याच्यावर ही म्हण टाकायची, की विषय संपला. पण उद्या डॉक्टरांनी आपल्याच स्वभावाला कोड नंबर देऊन चिठ्ठीवर लिहिलं तर? माझ्या बाबतीत तसं झालं, आणि विषय तिथून सुरू झाला.

दरवर्षी मासिकाच्या मराठी विभागात पाऊस, प्रेम, कॉलेजचा पहिला दिवस, कॉलेजचा शेवटचा दिवस आणि मेसची आमटी यांवर भरपूर लेख येतात. त्यात या लेखाची भर जरा वेगळी आहे. लेखाखाली नाव टाकलेलं नाही. आमच्या विंगला मी कोण ते दुसऱ्या परिच्छेदातच कळेल आणि त्याचं मला काही वाटत नाही. बाकीच्यांना नाव कळायची गरज नाही, गोष्ट कळली की पुरे.

मी २०२२ साली इथे आलो. पहिलं वर्ष ड्रॉइंग शीट आणि वर्कशॉपचा जॉब घासण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या पावसाळ्यात, काहीतरी बिनसलंय हे लक्षात यायला लागलं. म्हणजे काय? विंगमधली पोरं मला हाक न मारता टपरीवर गेली, तर दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटणार नाही. माझ्या मात्र पोटात खड्डा पडायचा. 'आता आपण यांना नकोसे झालो' हे शंभर टक्के खरं वाटायचं. मग पोरं परत यायची, कुणीतरी "तुझा वडापाव आणलाय बे, धर" म्हणायचं आणि पाच मिनिटांत मी जगातला सर्वात सुखी माणूस! तासाभराने पुन्हा काहीतरी. रविवारी दुपारी मेस बंद झाल्यावर तर आत काहीच नाही असं वाटायचं. दुःख नाही, राग नाही, नुसती मोकळी खोली. सोमवारी गेट द्यायचं ठरलेलं असायचं, बुधवारी एमपीएससी, शुक्रवारी शिक्षण सोडून गावाकडे पोल्ट्री. कुणी माणूस आवडला की तो देव, आणि त्याने एक फोन उचलला नाही की त्याचं तोंड बघायला नको.

माझा रूम पार्टनर सोयाबीनवाल्याचा पोरगा. सगळी विंग त्याला 'मालक' म्हणते, आपणही मालकच म्हणू. तो फारसं बोलत नाही. एका रात्री दोन वाजता मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा त्याने पांघरुणातून डोकं काढून विचारलं, "झोप किती दिवस नाही तुला?" मी म्हटलं, चौथा. तो म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊ," आणि पुन्हा झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच गाडी काढली.

शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. बाहेर वीसेक पेशंट. आत आमचं काम दहा मिनिटांत झालं. झोप येते का, भूक लागते का, चिडचिड होते का, मित्र आहेत का, हाताला कधी काही करून घेतलंय का, जीव द्यावासा वाटतो का. मी उत्तरं दिली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ होती. तिचा मराठी उच्चार असा: 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर, अनस्पेसिफाइड', पुढे 'एफ ६०.९', आणि खाली प्रश्नचिन्ह टाकून 'बॉर्डरलाइन ट्रेट्स'. मी विचारलं, "सर, म्हणजे नक्की काय?" ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, पुढच्या वेळी बोलू." आणि बेल वाजली.

आता टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर काय होतं हे व्हायवा दिलेल्या कुणालाही सांगायला नको. पण खरा घोळ वेगळाच होता. ताप आला की आपण म्हणतो, 'मला' ताप आलाय. पाय मोडला की 'माझा' पाय मोडला. म्हणजे आजार एकीकडे आणि मी दुसरीकडे. पण व्यक्तिमत्त्वातच विकार आहे म्हटल्यावर 'मला' असं म्हणणारा कोण शिल्लक राहतो? माझं हसणं, माझी मैत्री, आईशी फोनवर बोलताना भरून येणं, यातलं माझं किती आणि आजाराचं किती? त्या रात्री हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. त्यात मेसच्या टेबलावर कुणीतरी चिठ्ठी बघून म्हणालं, "म्हणजे तू 'अपरिचित' का रे? का 'भूलभुलैया'?" सगळे हसले, मीही हसलो. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. त्या सिनेमांत दाखवतात तो एकाच माणसात दोन-तीन माणसं असण्याचा प्रकार पूर्णपणे वेगळा, त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. स्किझोफ्रेनिया आणखी वेगळा. व्यक्तिमत्त्व विकारात माणूस एकच असतो. त्याची विचार करायची, भावना सांभाळायची आणि लोकांशी वागायची पद्धत अशी घट्ट बसलेली असते, की तिचा त्यालाच किंवा इतरांना सतत त्रास होतो. पद्धत जुनी असावी लागते, किशोरवयात किंवा नुकतं मोठं होताना तिची सुरुवात दिसावी लागते, आणि ती एकाच ठिकाणी दिसून चालत नाही. फक्त एका सरांच्या तासाला डोकं फिरत असेल तर तो विकार नाही!

मग तो कोड. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक यादी आहे, आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत एफ ६० हा व्यक्तिमत्त्व विकारांचा गट. पॉइंटनंतरचा आकडा प्रकार सांगतो. पॉइंट नऊ म्हणजे 'प्रकार नमूद नाही'. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं पुस्तक वेगळं, डीएसएम. त्याच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत दहा प्रकार आहेत, तीन गटांत विभागलेले, आणि तिथेही शेवटी 'अनस्पेसिफाइड' असा एक खण ठेवलेला आहे. पुरेशी माहिती हातात नसेल तेव्हा डॉक्टरांनी वापरायचा. आणि डॉक्टरांच्या भाषेत प्रश्नचिन्ह म्हणजे 'शंका आहे, तपासायचंय'. म्हणजे त्या एका ओळीचं साधं मराठी भाषांतर असं होतं: 'या मुलाला त्रास आहे, तो बहुधा या भागात आहे, अजून पाहिलेलं नाही.' लॅबमध्ये मोटर बंद पडल्यावर असिस्टंट फळ्यावर 'मोटर फॉल्टी' लिहितो, तितकंच. हे मला तेव्हाच कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर एक पंधरवडा वाचला असता.

'बॉर्डरलाइन' या शब्दाचीही एक गंमत आहे. १९३८ साली अमेरिकेतल्या अ‍ॅडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने तो काही पेशंटसाठी वापरला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हे लोक दोन प्रकारच्या मानसिक आजारांच्या सीमारेषेवर होते. पुढे ती समजूत मागे पडली, पण १९८० साली डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार अधिकृतपणे आला तो याच नावाने. पडलेल्या वाड्याच्या नावाने चौक ओळखला जावा, तसं! त्यामुळे 'बॉर्डरलाइन म्हणजे अगदी थोडासा आहे' असा अर्थ कुणी काढू नये. मी आधी तोच काढून खूश झालो होतो.

या विकाराचे डीएसएममध्ये नऊ निकष आहेत. कुणी सोडून जाईल याची प्रचंड भीती, टोकाचे चढउतार असलेली नाती, स्वतःबद्दलची डळमळीत कल्पना, उतावळेपणा, स्वतःला इजा करणं, तासातासाला बदलणारा मूड, रिकामपण, न आवरणारा राग, आणि ताणाखाली काही काळ संशय किंवा तुटलेपण. नऊपैकी किमान पाच असले की निदान. आता इंजिनिअरिंगचा पोरगा म्हटल्यावर त्याने कॉम्बिनेशन्स काढलीच पाहिजेत! नऊपैकी पाच, सहा, सात, आठ किंवा नऊ: १२६ अधिक ८४ अधिक ३६ अधिक ९ अधिक १. उत्तर २५६. म्हणजे एकाच नावाखाली २५६ प्रकारची माणसं बसू शकतात, आणि त्यातल्या दोघांमध्ये फक्त एकच निकष सारखा असू शकतो. हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडल्यावर मला पहिल्यांदा हलकं वाटलं. गोंधळ फक्त माझ्या डोक्यात नव्हता, मोजपट्टीतही होता.

आपल्या कॉलेजच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडम येतात, हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. मालकाने नोटीस बोर्डावर वाचलं होतं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचार विभागात चिठ्ठी दिली. तिथे रांग होती, केस पेपर काढायला अर्धा दिवस गेला, पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "आज मी नाव देणार नाही. मला तीन-चार भेटी लागतील. चालेल?" मला खरं तर नाव हवं होतं. पण कुणीतरी वेळ घेतंय याचंच बरं वाटलं.

त्यांनी काय काय तपासलं ते मुद्दाम लिहितो, कारण पुढे कुणाला उपयोग होईल. आधी रक्त, त्यात थायरॉइड. थायरॉइड बिघडलं तरी मूड आणि झोप बिघडते. मग बायपोलर आहे का. त्यातले चढउतार दिवस किंवा आठवडे टिकतात, पुस्तकाप्रमाणे चढाचा सौम्य टप्पासुद्धा निदान चार दिवसांचा हवा. माझे तासाभरात बदलायचे आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी वागण्याला टांगलेले असायचे. मग लहानपणापासून लक्ष न लागण्याचा त्रास होता का. मग घरात कुणाला काही आहे का, लहानपणी काही घडलं का, दारू-गांजा आहे का. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दोन लांबलचक मुलाखती. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "तुला आत्ता नैराश्य आहे, हे नक्की. पंधरा दिवसांपेक्षा जास्त झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही. नैराश्यात माणसाचा स्वभाव वेगळाच दिसतो. नदीची रुंदी पुरात मोजू नये. आधी पूर उतरू दे."

पूर उतरायला तीन महिने लागले. नैराश्याची गोळी सुरू केल्यापासून तिसऱ्या आठवड्यात झोप आली, आणि ती झोप काय होती म्हणून सांगू! (मालक म्हणाला, "आता उठ तरी.") २०२४ च्या जानेवारीत मॅडमनी पुन्हा मोजलं. नऊपैकी चार निकष. भीती, नाती, रिकामपण, बदलता मूड. म्हणजे बॉर्डरलाइन विकाराचं पूर्ण निदान नाही. मी विचारलं, "म्हणजे मी एका मार्काने नापास का मॅडम?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे पासिंग चाळीसला ना? एकोणचाळीसवाल्याला आणि चाळीसवाल्याला विषय सारखाच येतो. त्रास तुला आहे, तर मदत तुला मिळणार. रेष पुस्तकासाठी असते."

पुढे मला कळलं, की जागतिक आरोग्य संघटनेने हीच अडचण ओळखून रचना बदलली. आयसीडीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुने बहुतेक खण काढून टाकले आहेत. आता आधी विचारतात, त्रास किती? सौम्य, मध्यम की तीव्र. आणि मग तो कुठल्या दिशेचा, हे पाच गुणधर्मांनी सांगतात. 'बॉर्डरलाइन पॅटर्न' एवढी एक जादा खूण तेवढी ठेवली आहे. विकाराच्या अलीकडे 'व्यक्तिमत्त्वातली अडचण' अशीही एक पायरी आहे, तिला आजार धरत नाहीत. थोडक्यात, पास-नापासऐवजी ग्रेड आली. माझ्या ताज्या केस पेपरवर 'नैराश्य, उतारावर. व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, बॉर्डरलाइन पॅटर्नची लक्षणं' असं आहे. शेवटी अजूनही एक छोटं प्रश्नचिन्ह आहे. आता मी त्याच्याकडे बघून घाबरत नाही.

मधे डिसेंबरात मॅडमनी आई आणि आण्णांना बोलावलं होतं. आण्णा एसटीत ड्रायव्हर. रजा टाकून आले. आई येताना शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली. मॅडमनी समजावून सांगितल्यावर आईने एकच विचारलं, "व्यक्तिमत्त्व म्हंजे संस्कारच की. आमचं काय चुकलं?" खोलीत कुणी काही बोलेना. आण्णा खाली बघत म्हणाले, "मॅडम, स्वभावाला औषध नसतं म्हणतात. मग हे आयुष्यभर असंच का?"

मॅडमनी दोघांनाही उत्तर दिलं. आईला म्हणाल्या, काही मुलं जन्मतःच हळवी असतात, त्यांची कातडी पातळ असते म्हणा. त्यात आजूबाजूचे लोक, वाईट हेतू नसताना, 'यात काय रडण्यासारखं?' म्हणत राहिले, की मुलाला भावना आवरायची कशी हे शिकायलाच मिळत नाही. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं एकमेकींना वाढवत जातात. यात आरोपी कुणी नाही. आणि आण्णांना म्हणाल्या, "म्हण निम्मी खरी आहे. स्वभावाची गोळी नाही. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही लिहिलंय, की केवळ या विकारासाठी म्हणून औषधं देऊ नयेत. सोबत नैराश्य असेल तर त्याची गोळी द्यायची, तीच आपण देतोय. पण औषध म्हणजे फक्त गोळी नव्हे. शिकवता येतं. त्यालाही वेळ लागतो, पण गुण येतो."

आण्णा बराच वेळ गप्प होते. हॉस्पिटलबाहेर चहा पिताना एकदम म्हणाले, "आरं, गाडी डेपोत लावताना आमी लिहून देतो, गाडी डावीकडं वढती. गाडी वाईट हाय असं न्हाई लिहीत. मग वर्कशॉपवाला बघतो, टायर हाय का ब्रेक हाय का अलाइनमेंट. न्हाई सापडलं तर पुन्हा लिहायचं. आन् तवर डायवरनं काय करायचं? वढ वळखून स्टेरिंग धरायचं." एवढं बोलून त्यांनी बिल दिलं. डॉक्टरांच्या सगळ्या पुस्तकांतलं मला जे नीट कळलं नव्हतं, ते त्या चहाच्या गाड्यावर कळलं. आधी त्रास लिहून द्यायचा. नाव मागाहून. आणि नाव सापडेपर्यंत गाडी चालवायची सोडायची नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून मी दर आठवड्याला पंचेचाळीस मिनिटं थेरपीला जातो. या उपचारपद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी. ती अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तयार केली, त्यांचं मुख्य पुस्तक १९९३ चं. २०११ मध्ये याच बाईंनी जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः मानसोपचाराच्या हॉस्पिटलात दाखल होत्या. हे वाचलं त्या दिवशी मी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पूर्ण डीबीटीत आठवड्याला एक वैयक्तिक भेट आणि एक कौशल्यांचा गट असतो. असा पूर्ण कार्यक्रम सगळीकडे मिळत नाही. आमच्याकडे गट नाही, थेरपिस्ट ताईच कौशल्यं शिकवतात. चार भाग आहेत: जागेवर राहून लक्ष देणं, संकट न वाढवता सोसणं, भावना सांभाळणं आणि माणसांशी नीट मागणं-नाकारणं.

ताईंनी सांगितलं, की अशा माणसाच्या भावनांत तीन गोष्टी दिसतात. लवकर पेटतात, जोरात पेटतात आणि विझायला वेळ लागतो. मी म्हटलं, ताई, हे आम्हाला कंट्रोल सिस्टिम्समध्ये आहे! थ्रेशोल्ड कमी, ओव्हरशूट जास्त, सेटलिंग टाइम जास्त. अंडरडॅम्प्ड सिस्टिम! त्यांनी ते शब्द वहीत लिहून घेतले. तेव्हापासून आमची भाषा हीच. इनपुट आपल्या हातात नसतं, पोरं हाक न मारता चहाला जाणारच. डॅम्पिंग वाढवता येतं.

डॅम्पिंग कसं वाढवतात? काही गोष्टी हास्यास्पद वाटतील इतक्या साध्या. भावनेचा लोंढा आला की बर्फगार पाण्यात तोंड बुडवायचं, त्याने हृदयाचे ठोके उतरतात. (हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) जिन्याच्या चार फेऱ्या जोरात मारायच्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. रोज रात्री एका कार्डावर राग, भीती, लाज, आनंद यांना शून्य ते पाच मार्क द्यायचे. आणि एखादा मोठा भडका उडाला, की दुसऱ्या दिवशी त्याची साखळी मांडायची: आधी काय झालं, मग मनात काय आलं, मग अंगात काय झालं, मग मी काय केलं. रूट कॉज अ‍ॅनालिसिसच की! माझ्या पहिल्या दहा साखळ्यांपैकी सातांच्या मुळाशी निघालं ते एकच, दुपारचं जेवण नाही आणि रात्रीची झोप नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते कागदावर दिसलं.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. गेल्याच सेमला एक पूर्ण आठवडा वाईट गेला. पण तो आठवडा होता, महिना नाही. पोरं टपरीवर गेली तर पोटात खड्डा अजून पडतो. फरक एवढाच, की मी आता उठून मागून जातो आणि म्हणतो, "एक कटिंग वाढवा." ही माझी आजवरची सर्वात मोठी प्रगती आहे, आणि ती मार्कशीटवर येत नाही.

'आयुष्यभर असंच का?' या आण्णांच्या प्रश्नाचं आकड्यांतलं उत्तरही आहे. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून बॉर्डरलाइन विकारामुळे हॉस्पिटलात दाखल झालेल्या २९० जणांना वर्षानुवर्षं तपासत ठेवलं. २०१० साली त्यांनी दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९३ टक्के लोकांमध्ये किमान दोन वर्षं टिकणारा उतार दिसला. नोकरी-शिक्षण आणि नाती यांसकट पूर्ण सावरलेले मात्र ५० टक्के. म्हणजे लक्षणं जातात, पण आयुष्य उभं करायला जास्त मेहनत लागते. मला हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला आवडतात. एकाने धीर येतो, दुसऱ्याने आळस जातो.

आता थोडं कामाचं. आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुमच्या उपचाराचे कागद बघायला मागण्याचाही. त्यामुळे चिठ्ठीवरची ओळ कळली नाही तर 'याचा अर्थ काय, यावरून पुढे काय करणार, आणि दुसरं काय असू शकतं?' हे तीन प्रश्न बिनधास्त विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरे डॉक्टर गाठा, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका. हजेरीसाठी सर्टिफिकेट लागलं, तेव्हा मॅडमनी त्यावर फक्त 'उपचार सुरू आहेत' एवढंच लिहिलं आणि आपल्या विभागात तेवढ्यावर काम झालं. सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. विंगमधला कुणी मरण्याची भाषा करत असेल तर ती चेष्टेवारी नेऊ नका. त्याला एकट्याला सोडू नका, रेक्टर सरांना उठवा. ते चिडणार नाहीत, हे मी त्यांना विचारून लिहितोय.

समुपदेशक मॅडम बुधवारी दुपारी तीन ते पाच दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतात. दारावर पाटी नाही, त्यामुळे सापडत नाही. पहिल्यांदा एकट्याने जायला जड जात असेल तर तिसऱ्या मजल्यावर मालकाची खोली कुणालाही विचारा. तो फारसं बोलणार नाही, पण गाडी काढेल. आणि मी मागे बसून येईन.

– एक होस्टेलाइट
अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी